विमानाने मी पोचले, झोप मागे राहिली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढची वर्षे चूल, गोठा आणि शेत यांत गेली. हळदीकुंकवाला चारजणींत मी हसते-बोलते, पण असे समोर उभे राहून बोलण्याचा प्रसंग हा पहिलाच. शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्यावे.

चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तिथली काही मौज सांगा." मी म्हटले, तिथले इमले आणि रस्ते तुम्ही रोज मोबाईलवर पाहता, ते मी नव्याने काय सांगणार? मी प्रवासाचे सांगेन, आणि प्रवासानंतरच्या आठ दिवसांचे सांगेन. कारण इनामगावातून काय किंवा शेजारच्या गावांतून काय, शिकलेली मुले-मुली आता दूरदेशी जातात, आणि त्यांच्या मागोमाग आपल्याला जावे लागते. बरे, आपण बायका तिकडे फिरायला जात नाही. आपण बाळंतपणाला जातो. उतरल्या उतरल्या पदर खोचून कामाला लागायचे, हीच आपली सवय. माझे चुकले ते इथेच.

माझी थोरली मुलगी न्यू जर्सी राज्यात एडिसन या गावी असते. तिचे दिवस भरायचे होते २०२४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून मे महिन्याच्या विसाव्या तारखेनंतरचे तिकीट काढले. म्हटले, पंधरा दिवस हाताशी राहतील. पण नातीला घाई झाली. ती तीन आठवडे आधीच आली, आणि मी पोचले तेव्हा ती आठवड्याची झालेली होती. देवाच्या दयेने दोघी सुखरूप होत्या. पण माझे पंधरा दिवस गेले ते गेले.

निघण्याच्या दिवशी मी पहाटे पाचला उठले होते. डिंकाचे लाडू आदल्या रात्री वळले होते, मेतकूट आणि मसाला बांधायचा होता, गोठ्यातले सगळे जावेला समजावून द्यायचे होते. दुपारी घर सोडले, पुणे मागे टाकून रात्री मुंबईला पोचलो. विमान रात्री दीडच्या सुमारास सुटले. म्हणजे विमानात बसले तेव्हाच मला जागून वीस तास झाले होते. पुढे सोळा तासांचा प्रवास, आणि त्यात माझा डोळा म्हणून लागला नाही. एवढ्या उंचावर झोपायचे कसे, याचीच धास्ती. हवाईसुंदरी दोनदा येऊन विचारून गेली, मी आपली हसून मान हलवली.

आता दुसरी चूक ऐका. आपण एस. टी. ने लांब जाताना पाणी पीत नाही. का ते मी सांगायला नको. स्थानकावरच्या मोऱ्यांची दशा आपल्याला ठाऊक आहे, म्हणून घशाला कोरड पडली तरी आपण कळ काढतो. मी विमानातही तेच केले. तिथे मोरी स्वच्छ असते, दार लावले की दिवा लागतो, फक्त पाणी सोडताना असा मोठा आवाज होतो की पहिल्यांदा मी दचकून भिंतीलाच टेकले. पण मला हे आधी कोणी सांगितले नव्हते. वास्तविक विमानातली हवा फार कोरडी असते, उन्हाळ्यातल्या आपल्या माळावरच्या हवेसारखी. शिवाय विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले तरी आतल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा इतका ठेवतात. आपली कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे सुमारे चोपन्नशे फूट. तेव्हा सोळा तास कळसूबाईच्या शिखराहून उंच जागी बसून राहिल्यासारखेच ते झाले. फरसाणाची बंद पिशवी तिथे फुगते, तशी पोटातली हवाही फुगते. मी भीतीने पाणी प्याले नाही आणि भुकेने हरभऱ्याच्या डाळीची चटणी भरपूर खाल्ली. पोट तट्ट फुगले, डोके ठणकले, आणि उतरताना पाय इतके सुजले की चपलेचा अंगठा बसेना.

हे टाळण्यासारखे होते. थोडे थोडे पाणी प्यावे. तळलेले आणि वातुळ खाऊ नये. तास-दोन तासांनी उठून वाटेतून एक फेरी मारावी, बसल्या जागी घोटे गोल फिरवावे, पोटऱ्या आवळाव्या आणि सैल सोडाव्या. फार वेळ पाय लोंबते ठेवले तर शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. ज्यांच्या पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत त्यांनी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मोरीत आपल्यासारखी पाण्याची सोय नसते, म्हणून एक लहान रिकामी बाटली पिशवीत असावी. आणि विमान उतरू लागले की कान दडे बसून दुखतात, त्या वेळी बडीशेप चघळावी किंवा घोट घोट पाणी गिळावे. विमान सुटताना वाटलेली पेपरमिंटची गोळी तेवढी मी गिळली नाही, पदराला बांधून ठेवली!

सामानाचे थोडक्यात. अख्खे सुके खोबरे नेऊ नये. त्यात तेल असल्याने ते पेट घेते, म्हणून विमानात चालत नाही. मी ते किसून, भाजून लाडवांतच घातले होते. ताजी फळे, भाजी, कढीपत्ता, बियाणे, मांस यांतले काही अमेरिकेत नेऊ देत नाहीत. आणि जे खाण्याचे नेले असेल ते विचारल्यावर सरळ सांगावे, लपवू नये. मोबाईलला वीज देणारी बॅटरी आणि रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावी. औषधे त्यांच्या मूळ वेष्टनातच असावी, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

इंग्रजीची भीती मलाही होती. मुलीने एक कागद लिहून दिला होता. मी कोण, कोणाकडे चालले, किती दिवस राहणार, तिचा पत्ता, फोन. तो कागद दाखवला की निम्मे काम होते. कित्येकजणी इंग्रजी येत नाही म्हणून चाकांची खुर्ची मागतात, ढकलणारा माणूस आपोआप वाट दाखवतो. मला विचाराल तर धडधाकट बाईने ती खुर्ची मागू नये. खरी गरज असलेली म्हातारी माणसे त्यापायी ताटकळत बसलेली मी पाहिली. तिकीट काढतानाच वाट दाखवण्यापुरती मदत मागता येते का ते विचारावे, आणि रांगेत मराठी बोलणारे एखादे कुटुंब गाठावे. मला सातारकडचे एक जोडपे भेटले, त्यांनी शेवटपर्यंत सोबत केली.

असो. उतरले तेव्हा तिथे सकाळचे आठ वाजले होते, आणि आपल्या इथे संध्याकाळचे साडेपाच. उन्हाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. भिंतीवरचे घड्याळ बदलायला एक क्षण लागतो. पण आपल्या शरीरातही एक घड्याळ असते, ते असे एका क्षणात बदलत नाही. मेंदूत, डोळ्यांच्या शिरा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, ते असते म्हणतात. झोप, भूक, अंगाची ऊब, सगळे त्याच्या तालावर चालते. केळी पिकली की त्यांच्यावर घोंगावतात ना चिलटे, त्यांच्यावर प्रयोग करून हे घड्याळ कसे चालते ते तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी शोधून काढले. हॉल, रॉसबॅश आणि यंग. त्यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुलीने हे सांगितले तेव्हा मला हसू आले, म्हटले, चिलटालाही वेळ कळते आणि मला कळेना!

या घड्याळाला चावी देतो तो सूर्य. आपल्या गावच्या पांढरीत डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात खणून तीन हजार वर्षांहून जुनी घरे उजेडात आणली. त्या घरांतल्या बायका जव दळत होत्या, पोरे वाढवत होत्या, आणि सूर्य उगवला की उठत, मावळला की निजत. त्यांचे घड्याळ आणि सूर्य यांची कधी फारकत झाली नाही, कारण माणूस पायाने किंवा बैलाने जितके जाईल तितकेच जात होता. घड्याळाला सूर्याबरोबर चालायला सवड होती.

एका रविवारी जावयांनी मला मोटारीतून रोसेल गावावरून नेले. ते एडिसनपासून फार दूर नाही. म्हणाले, "आई, आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी इथे राहिल्या होत्या." माझ्या अंगावर काटा आला. १८८३ च्या एप्रिलच्या सातव्या तारखेला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि इंग्लंडमार्गे जूनच्या चौथ्या तारखेला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. रोसेलच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीसारखे सांभाळले, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. त्यांनी सोसले त्याची सर आपल्या कोणत्याही प्रवासाला यायची नाही. पण एक गोष्ट त्यांना सोसावी लागली नसेल. अठ्ठावन्न दिवसांच्या वाटेत घड्याळाचा फरक दिवसाला दहा-बारा मिनिटांनी वाढत गेला. एवढा फरक तर आपण पाहुणे आले तरी सहज सोसतो. मी तोच पल्ला सोळा तासांत गेले. मी पोचले, माझी झोप मात्र मागे इनामगावातच राहिली. मुलगी याला जेट लॅग म्हणते.

आता जे सांगण्यासाठी मी उभी राहिले ते सांगते. ही गोष्ट मी आजवर मंडळात काय, घरीसुद्धा कोणाला सांगितलेली नाही. माझ्या सासूबाई इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत, त्याही आजच ऐकतील.

पहिल्या रात्री मी दोन वाजता टक्क जागी झाले. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा, भाकरीची वेळ. पोटात भूक पेटलेली. म्हटले, जागीच आहे तर काम करू. दिवे लावले, भांडी घासली, कणीक मळली, पहाटेपर्यंत दोन भाज्या करून ठेवल्या. दुसऱ्या रात्रीही तेच. मुलगी म्हणाली, "आई, जरा पड ना." मी म्हटले, "मला काय धाड भरलीय?" रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी द्यायला यांच्याबरोबर जागलेली बाई मी. दोन रात्रींच्या जागरणाचे मला काय!

तिसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता मुलगी न्हायला गेली. जावई कामात होते. बाळ मांडीवर घेऊन मी सोफ्यावर बसले. मी झोपणार नव्हते, भगिनींनो. मला झोप येते आहे असेसुद्धा वाटले नाही. पण इनामगावात तेव्हा मध्यरात्रीचे बारा वाजले होते, आणि माझ्या अंगातल्या घड्याळाने मला न विचारता दिवा मालवला. जागी झाले ती मुलीच्या किंकाळीने. बाळ मांडीवरून घसरून माझी मांडी आणि सोफ्याची गादी यांच्या फटीत गेले होते, तोंड गादीकडे. मुलीने ओढून उचलले. ते रडले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. किती वेळ ते तिथे होते, मला सांगता येत नाही. अजूनही दुपारी कधी ते आठवले की हातातले काम थांबते.

डॉक्टरांनी तपासून सगळे ठीक आहे म्हणून सांगितले. मुलगी मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते. रात्री ती एवढेच म्हणाली, "आई, दवाखान्यातून घरी सोडताना त्यांनी मला बजावले होते, बाळाला घेऊन सोफ्यावर झोपायचे नाही, बाळ वेगळ्या सपाट जागेवर उताणेच निजवायचे. मी तुला सांगायला विसरले." तिने चूक आपल्याकडे घेतली. मी तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

म्हणून माझे सांगणे असे आहे की, जमत असेल तर बाळंतपणाच्या तारखेआधी महिनाभर पोचावे, पंधरा दिवसांवर विसंबू नये. आणि बाळ आधीच आलेले असेल तर पहिले चार-पाच दिवस त्याला बसून मांडीवर घ्यावे ते दुसरे कोणी जागे माणूस शेजारी असतानाच. एकटीने बाळ, चुलीवरचे तेल, गरम पाणी यांच्या वाटेला जाऊ नये. यात कमीपणा नाही. अंगात ताप असताना आपण बाळंतिणीला न्हाऊ घालू का?

झोप सुधारायला मला जे उपयोगी पडले ते असे. जावयांनी दुसऱ्या दिवसापासून मला दुपारी तीन-चार वाजता बळेच घराबाहेर काढले. पश्चिमेकडे गेल्यावर दुपारचे आणि कलत्या दिवसाचे ऊन डोळ्यांना मिळाले की अंगातले घड्याळ लवकर मागे सरकते म्हणे. तिथे मे-जूनमध्ये संध्याकाळी आठ-साडेआठपर्यंत उजेड असतो. दिवे लागणीची वेळ होईना म्हणून मला पहिल्यांदा स्वयंपाकाचे सुचेना, पण चालायला तो उजेड फार चांगला. झोप अनावर झाली तर गजर लावून वीस-पंचवीस मिनिटे पडावे, त्याहून जास्त नाही. जेवण तिथल्या वेळेलाच. दुपारनंतर चहा बंद, आणि ही अट मला सगळ्यांत जड गेली. रात्री जाग आली तर दिवे न लावता अंधारात पडून राहावे, माझ्यासारखी भांडी घासू नयेत. आठव्या दिवशी मी सकाळी सहाला उठले आणि बाहेर पाखरे ओरडत होती, तेव्हा कळले की झोप आली एकदाची माझ्या मागून.

झोपेच्या गोळ्या तिकडे दुकानात सहज मिळतात, त्यांत मेलाटोनिन नावाची एक असते. पण शेजारणीने घेतली म्हणून आपण घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. आणि आपल्यातल्या ज्या साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, इन्शुलिन घेतात, त्यांनी तर जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहूनच घ्यावे. जाताना तो दिवस साडेतेहतीस तासांचा होतो, येताना साडेचौदा तासांचाच. डोस कधी घ्यायचा हे आपल्या अंदाजाने ठरवू नये.

ऑक्टोबरात परत आले. येताना त्रास जास्त होतो, हे ध्यानात ठेवा. शरीरातले घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित सावकाश चालते, म्हणून त्याला मागे ओढणे सोपे आणि पुढे ढकलणे अवघड. ढोबळ हिशेब तासाला एक दिवस असा आहे, पूर्वेकडे येताना त्याहूनही थोडे जास्त लागतात. मुलीने सांगितले होते, पहिले दोन-तीन दिवस सकाळचे ऊन टाळ, दुपारनंतरचे घे. आता तुम्हीच सांगा, पाचला धारा काढायच्या घरात सकाळचे ऊन टाळायचे कसे? मला बारा दिवस लागले. रात्री दोनला डोळे उघडत, आणि अंगणात फेरी मारावी तर बिबट्याची भीती. उसाच्या कडेला घर, बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. आत पडून आढ्याकडे पाहत राहायचे. दिवसा दहा वाजता भाकरी थापता थापता मान खाली जायची.

त्या दिवसांत सासूबाई म्हणाल्या, "अमेरिकेला जाऊन आळस घेऊन आलीस व्हय गं?" त्यांचेही चुकले नाही. दिवसाउजेडी झोपणाऱ्या सुनेला आणखी काय म्हणायचे? मी तेव्हा सगळे सांगितले असते तर सोफ्याचीही गोष्ट सांगावी लागली असती, म्हणून गप्प राहिले. आत्याबाई, ते असे होते.

नात आता चालते, बोबडे बोलते, मोबाईलवर मला "आजी, झोपली का?" असे विचारते. तिच्याकडे दिवस असतो तेव्हा माझ्याकडे रात्र.

आपल्या मंडळातल्या दोघीजणी येत्या काही महिन्यांत तिकडे जाणार आहेत असे ऐकले. मुलीने दिलेला तो इंग्रजी कागद मी जपून ठेवला आहे, नाव-पत्ता बदलून तसाच लिहून घ्यावा. पेट्या तोलायचा लहान काटाही माझ्याकडे आहे. आमच्या घरी येऊन घेऊन जावा, वजन करून झाले की परत आणून द्यावा.